एका तणाची बखर

गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने अंगणात राजगड बांधला. विटा, दगड आणि पोत्यांचे तुकडे यांचा सांगाडा उभा राहिला, आणि मग माती कोठून आणावयाची हा प्रश्न पडला. माझ्या लहानपणी पुण्यात हा प्रश्न कोणाला पडत नसे. आता वाड्यांच्या जागी इमारती आल्या, परसाला फरशी आली, आणि किल्ल्याची मातीसुद्धा पिशवीतून विकत मिळू लागली. नातवाने व त्याच्या सवंगड्यांनी पैसे वाचविण्याची तोड काढली. आमच्या सोसायटीला लागून एक मोकळा प्लॉट आहे. तो कोणाचा, हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नाही. वीस वर्षे तसाच पडून आहे. तेथून घमेली भरभरून माती आली. बालेकिल्ला उठला, माच्या उतरल्या, मावळे जागोजाग उभे राहिले, आणि रिवाजाप्रमाणे उतारांवर अळीव व मोहरी पेरली गेली.

भाऊबीज झाली. मावळे डब्यात गेले. किल्ला मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवावयाचा, असा मुलांचा हट्ट होता. एके सकाळी नातू धावत आला.

"आजोबा, किल्ल्यावर गाजरं उगवली!"

मी जाऊन पाहिले. अळीव पिवळा पडला होता, मोहरीने माना टाकल्या होत्या, आणि त्यांच्या मधून जमिनीसरशी कातरलेल्या पानांची इवली इवली रोपे हिरवीगार उभी होती. ती गाजरे नव्हती.

"हात लावू नकोस," मी जरा जोरानेच म्हणालो. "आणि आधी जाऊन साबणाने हात धू."

हात धुऊन आल्यावर त्याने विचारले, "पण आजोबा, हे पेरलं कोणी?"

मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. नातवाने विचारलेला हाच प्रश्न वर्गातली मुलेही कधी कधी विचारीत, आणि मी त्याचे उत्तर छातीठोकपणे देत असे. ते उत्तर अर्धेमुर्धे चुकीचे होते, हे मला निवृत्त झाल्यावर कळले. नातवाला तरी नीट उत्तर द्यावे म्हणून मी तारखा जुळवून पाहिल्या. त्यांतून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. फराळाच्या ताटाबरोबर तणाची कथा वाढतो आहे याबद्दल क्षमा असावी.

प्रथम कथानायकाची ओळख. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. हे नाव लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात नोंदविले. मूळ गाव मेक्सिकोचे आखात व त्याभोवतीचा अमेरिकेचा उष्ण प्रदेश. आपल्याकडे पाने गाजराच्या पाल्यासारखी म्हणून गाजरगवत, चांदण्या विखुराव्या तशी फुले म्हणून चटक चांदणी, आणि सर्वांत अधिक रूढ असलेले नाव काँग्रेस गवत. पांढऱ्या टोप्या घातलेली सभा बसावी तसे ते शेत दिसते म्हणून हे नाव, असे कोणी सांगतात. त्या पक्षाच्या राज्यात आलेल्या गव्हातून ते आले म्हणून, असे दुसरे सांगतात. वस्तुतः हे रोप कोणत्याही पक्षाचे सभासद नाही, आणि ते गवतही नाही. त्याचे कुळ सूर्यफुलाचे. दसऱ्याला आपण दारावर ज्याचे तोरण बांधतो तो झेंडू त्याचा भाऊबंद, आणि तोही मूळचा मेक्सिकोकडचाच. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, पेरू, सीताफळ ही मंडळीही अमेरिकेहून आली आणि आपल्या घरची झाली. तेव्हा परदेशी असणे हा काही या रोपाचा गुन्हा म्हणता यावयाचा नाही.

गुन्हा निराळा आहे. एकेक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकते. बी काळे, बारीक, आणि त्याला दोन्ही अंगांनी हलकी फोले चिकटलेली. त्यामुळे ते वाऱ्यावर उडते, पाण्यावर तरंगते, आणि चिखलाबरोबर गाडीच्या चाकाला बसून प्रवास करते. ओल मिळाली की कोणत्याही ऋतूत उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येते. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. नाइलाजाने खाल्लेच तर दूध कडवट होते. त्याच्या मुळांतून व पानांतून झिरपणारी द्रव्ये शेजारच्या बियांचे उगवणे रोखतात. ज्या माळावर मारवेल, पवन्या, कुसळी असे, जेथून आमच्या आया-मावश्या आषाढात टाकळ्याची कोवळी पाने खुडून आणीत, त्या माळावर आता हेच एक उभे आहे.

आता मी वर्गात सांगत असे ती गोष्ट. स्वातंत्र्यानंतर देशात धान्याचा तुटवडा पडला. अमेरिकेने 'पी. एल. ४८०' या कायद्याखाली आपला शिलकी गहू आपल्याला दिला. त्या गव्हात हे बी मिसळलेले होते. गहू रेशनच्या दुकानांत गेला, चाळण रस्त्यावर पडली, आणि गाजरगवत देशभर झाले. गोष्ट आटोपशीर आहे, तिच्यात एक परका आरोपी आहे, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती चटकन बसते. तशी बसण्याला कारणही आहे. माझ्या पिढीने रेशनच्या रांगेत उभे राहून तो तांबूस गहू आणि ती लाल मिलो आणलेली आहे. १९६६ साली तर देशात बाहेरून आलेले धान्य एक कोटी टनांच्या घरात गेले होते. बंदरात जहाज लागावे तेव्हा घरात चूल पेटावी अशी अवस्था होती. मिलोची भाकरी थापताना तुटे आणि आईच्या डोळ्यांत पाणी येई. दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या त्या घासाचा सल मनात होता. त्या घासाबरोबर विषही आले, असे कोणी म्हटले की ते खरेच वाटे.

मला तर ते अधिकच खरे वाटे, कारण माझ्या मामाचे उदाहरण डोळ्यांपुढे होते.

मामाची पाच एकर जमीन हडपसरच्या पलीकडे, कालव्याच्या पाण्याखाली होती. पेरू, वांगी, कोथिंबीर, फ्लॉवर असा पुण्याच्या मंडईचा माल तो काढी. सुट्टीत आम्ही भाचरे तेथे पडीक असू. १९७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता. त्या सुमारास मामाच्या पापण्या सुजू लागल्या. मग मान, मग कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणी. खाज अशी की रात्री झोप नाही. पावसाळ्यात वाढे, थंडीत थोडे उतरे, आणि पुन्हा वाढे. दोन-तीन वर्षांत त्याच्या चेहऱ्याची कातडी जाड व काळवंडलेली झाली, कपाळावर वळ्या पडल्या, कानाच्या पाळ्या लोंबल्या. तो उपरणे तोंडाभोवती गुंडाळून शेतावर जाई.

त्या वेळी गावाला असा चेहरा एकाच रोगाचा ठाऊक होता. तो शब्द कोणी मामाच्या तोंडावर उच्चारीत नसे. परंतु चहाची कपबशी वेगळी होऊ लागली, भजनात शेजारची जागा रिकामी राहू लागली. मामेबहिणीचे ठरत आलेले लग्न मुलाकडच्यांनी काही कारण न सांगता मोडले. मामी एकदा माझ्या आईला म्हणाली, "वन्सं, देवानं पाय मोडला असता तरी चाललं असतं. पाय कोणाला सांगता तरी येतो."

शेवटी पुण्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी मामाच्या पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी पाहिले. गाजरगवताच्या अर्काची पट्टी जेथे होती तेथे कातडी लाल होऊन फोडांनी भरली होती. महारोग नव्हे, हे सिद्ध झाले. मामी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. परंतु उपाय काय, तर या झाडापासून दूर राहावयाचे. आणि बांधावर, कालव्यावर, रस्त्यावर, गोठ्यामागे ते नाही अशी जागा उरली नव्हती. फुलोऱ्याचे कण व वाळल्या झाडाची धूळ वाऱ्यावर येई. अंगाला झाडाचा स्पर्श व्हावयास हवा असेही नव्हते.

मामा एकटा नव्हता. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ साली लंडनच्या त्वचारोगविषयक नियतकालिकात या विकारावर प्रबंध प्रसिद्ध केला, आणि पुण्याचे नाव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात अशा रीतीने गेले. पुणे भागात या विकाराने रुग्ण दगावल्याच्याही नोंदी त्या वाङ्मयात आहेत. या झाडातील 'पार्थेनिन' नावाचे द्रव्य त्याचे मुख्य कारण होय. एकदा शरीराने त्या द्रव्याशी वैर धरले की ते सहसा सुटत नाही.

मामाने १९८१ साली जमीन विकली आणि तो कोकणात सासुरवाडीच्या गावी जाऊन राहिला. तेथे त्याला पुष्कळ बरे वाटले. परंतु शेतकऱ्याने जमीन विकून बरे वाटून घेणे म्हणजे काय, हे त्याच्याकडे पाहून कळे. "अमेरिकेनं पोटाला दिलं आणि अंगाचं काढून घेतलं," असे तो मरेपर्यंत म्हणत असे. मीही वर्गात तेच म्हणत असे. तिकडे त्या पाच एकरांवर चार इमारती उभ्या राहिल्या.

निवृत्तीनंतर, ज्याला वेळ पुष्कळ आणि काम थोडे अशा माणसाच्या चिकाटीने, मी तारखा पाहू लागलो. आम्हा पुणेकर इतिहासप्रेमी मंडळींना राजवाड्यांनी एक खोड लावून ठेवली आहे: बखर कितीही गोड असो, अस्सल कागदाशी ताडून पाहावयाची. बखरकार शेवटापासून मागे लिहितो. त्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून तो कारणेही तशी रचतो. मी गव्हाची ही बखर कागदाशी लावून पाहिली.

'पी. एल. ४८०' हा अमेरिकेचा कायदा अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने १० जुलै १९५४ रोजी झाला. त्याखाली भारताशी पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजी झाला. गहू त्यानंतर निघाला असणार, हे उघड आहे.

आता रोपाची तारीख. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी खात्याचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ च्या अखेरीस पुण्यात निघाले. तेथील आर. शेषगिरी राव यांनी पुण्यात सापडलेले हे रोप भारताला नवीन म्हणून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदविले, ते १९५६ साली. त्याच्याही आधी, १९५१ साली, प्रा. परांजपे यांना पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर याची तुरळक झाडे दिसली होती, असे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लेखनात नमूद आहे. म्हणजे करारावर सही होण्यापूर्वी पाच वर्षे आरोपी पुण्यात हजर होता.

यावर कोणी म्हणेल की, गहू त्याआधीही येत होता. बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या व नंतरच्या टंचाईत धान्य अनेक देशांतून येत होते, आणि १५ जून १९५१ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी सही केलेल्या कायद्याने भारताला २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले होते. धान्याच्या पोत्यातून बी आले असणे अगदी संभवनीय आहे. परंतु ज्या जहाजाचे नाव आपण साठ-सत्तर वर्षे घेतो, ते जहाज त्या वेळी बंदर सोडून निघालेलेच नव्हते.

कागद आणखी मागे नेतो. कलकत्त्याजवळच्या कंपनी सरकारच्या बागेत लावलेल्या वनस्पतींची रॉक्सबर्गने केलेली यादी १८१४ साली श्रीरामपूरला छापली गेली. ती छापून प्रसिद्ध करणारा विल्यम केरी. मराठीचे पहिले छापील व्याकरण ज्याने १८०५ साली काढले, तोच हा पाद्री. त्या यादीत पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे नाव आहे. म्हणजे पेशवाई पुण्यात नांदत असताना हे रोप कलकत्त्यास पाहुणे म्हणून येऊन गेले होते. त्या वेळी ते बागेबाहेर पडून माजले नाही. का माजले नाही, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तसेच पहिली नोंद पुण्याची म्हणून पहिले पाऊलही पुण्यातच पडले असे धरून चालणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. पुण्यात महाविद्यालये होती, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते, आणि सर्वेक्षणाचे नवे कार्यालय नुकतेच उघडले होते. पाहणारे डोळे जेथे असतात तेथे गोष्ट प्रथम दिसते. बाहेरदेशीही त्याच सुमारास हे रोप दिसू लागले होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात त्याची पहिली नोंद १९५५ ची आहे. ते लढाईच्या काळातील यंत्रसामग्रीबरोबर आले असावे असे तिकडे मानतात. पुढे त्याच प्रांतात टेक्सासहून आणलेल्या चाऱ्याच्या बियाण्यातून ते पुन्हा आले. कोठे लढाईचे सामान, कोठे चारा, कोठे धान्य. महायुद्धानंतर जगभर मालाची जी ये-जा वाढली तिच्याबरोबर हे रोप निघाले, एवढे खात्रीने म्हणता येते.

मग प्रश्न उरला तो हा की, १८१४ साली जे रोप बागेत गप्प राहिले ते १९५० नंतर एवढे का मातले? याचे उत्तर मला जहाजात सापडले नाही. ते पुण्याच्या वेशीवर सापडले.

या रोपाला दाट गवत किंवा गर्द रान सोसत नाही. सावली दाट असली, जमीन गवताच्या मुळांनी बांधलेली असली, तर त्याला शिरकाव मिळणे कठीण. त्याला हवी उकरलेली, उघडी पडलेली, कोणी न राखलेली जमीन. आता १९५० नंतरचे पुणे आठवा. त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, आणि पुरात घरे गेलेल्यांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती गावाच्या कडेला उठल्या. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे कारखान्यांच्या रांगा लागल्या. माळ फुटले, टेकड्यांचे पायथे खणले गेले, मुरुमाच्या व खडीच्या गाड्या रात्रंदिवस धावू लागल्या. कालव्याचे पाणी बी वाहून नेई, रेल्वे ते रुळांच्या कडेने पुढे सरकवी. जी जमीन कालपर्यंत गायरान होती किंवा शेत होते, ती आज प्लॉट झाली. शेतकऱ्याचा हात तिच्यावरून उठला आणि नव्या मालकाचा पाय तेथे लागलाच नाही. भाव चढेपर्यंत ती तशीच पडून राहिली. अशा जमिनीवर गुरे चरत नाहीत, कोणी खुरपत नाही, कोणी गवत कापीत नाही. गाजरगवताला याहून अधिक काय पाहिजे?

पुण्याचे झाले तेच बंगळूरचे झाले, तेच नागपूर, जबलपूर, दिल्लीचे झाले. आज देशात सुमारे साडेतीन कोटी हेक्टरांवर हे रोप पसरले आहे असा अंदाज सांगतात. कर्नाटकाने १९७५ सालीच ते कायद्याने उपद्रवी तण म्हणून जाहीर केले. कायदा वाचता येत नसल्यामुळे रोपाने त्याची दखल घेतली नाही.

हे सारे जुळविताना मामाचे एक वाक्य मला आठवले, आणि मी लिहिता लिहिता थांबलो. पहिले झाड कोठे दिसले, असे मी त्याला कधीतरी विचारले होते. तो म्हणाला होता, "खताच्या ढिगाशेजारी, विहिरीच्या अंगाला." त्या काळी शहराच्या कचऱ्याचे खत आजूबाजूचे शेतकरी गाड्या भरभरून नेत. मामाही नेई, आणि त्याच्या पिकाची त्यामुळे ख्याती होती. प्रा. परांजप्यांना पहिली झाडे दिसली ती कचऱ्याच्या ढिगांवर. मामाच्या शेतात ते रोप अमेरिकेच्या जहाजातून आलेले नसावे. पुण्याहून, त्याने स्वतः भाडे देऊन आणलेल्या गाडीतून ते आले असावे. मामा हयात असता तर मी हे त्याला सांगितले असते का? वाटत नाही. ज्याचा चेहरा गेला, ज्याची जमीन गेली, त्याला रागावण्यासाठी एक दूरचा देश तरी असू द्यावा.

परंतु आपण, ज्यांचे काही गेलेले नाही, त्यांनी त्या रागावर किती दिवस काढावयाचे? मी वर्गात पस्तीस वर्षे 'आणले कोणी' हे सांगितले. त्या पस्तीस वर्षांत शाळेच्या मागील मैदानाच्या कडेला ते रोप दर पावसाळ्यात कमरेएवढे होत होते, आणि मुलांना घेऊन एक तास ते उपटावे असे मला एकदाही सुचले नाही. दोषी सापडल्यावर काम संपले असे मनाला वाटते. माझेही तसेच झाले.

एवढेच नव्हे. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मला जो पुष्पगुच्छ मिळाला, त्यातील गुलाबांभोवती पांढऱ्या बारीक फुलांची नाजूक झालर होती. घरी आल्यावर चष्मा लावून पाहिले तो गाजरगवत! फुलवाल्याला ते फुकट मिळते आणि गुच्छ भरून दिसतो. ज्याने मामाला गावाबाहेर घालविले त्यालाच छातीशी धरून मी छायाचित्र काढून घेतले होते.

उपाय झाले नाहीत असे नाही. १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगा बंगळूरला आणला गेला आणि चाचण्या घेऊन पुढल्या वर्षी मोकळा सोडण्यात आला. पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा जीव व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात. मध्यंतरी तो सूर्यफुलावरही बसतो अशी ओरड झाली. चौकशी झाली, आणि त्या पिकाला त्याच्यापासून मोठे भय नाही असे ठरले. आपल्याकडेही तो ठिकठिकाणी सोडला गेला आहे, आणि चांगल्या पावसात एखादा माळ तो खरोखर बोडका करतो. परंतु हिवाळ्यात व उन्हाळ्यात तो जमिनीत निजतो. झाड मात्र ओल मिळेल तेथे उगवतच राहते. दुसरा उपाय टाकळ्याच्या जातीच्या झाडांचा. त्यांपैकी एक अमेरिकन जात गाजरगवताला दाबते, असे पाहून तिचा पुरस्कार झाला. तिने ते दाबले, हे खरे. आणि पुण्याच्या टेकड्यांवर आता तीच माजली आहे. पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताला कंपनी सरकारला बोलवावे त्यातला हा प्रकार झाला.

तिसरा उपाय सर्वांत जुना, म्हणजे हाताचा. जबलपूरला केंद्र सरकारची तणविषयक संशोधन संस्था आहे; ती दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा या तणाच्या जागृतीसाठी पाळते. तो आठवडा विचारपूर्वक निवडलेला आहे. त्या वेळी जमीन ओली असते आणि रोप मुळासकट निघते. पथ्ये एवढीच: फूल येण्यापूर्वी उपटावयाचे, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच उपटावयाचे, नाकातोंडावर फडके बांधावयाचे, आणि ज्याच्या अंगाला खाज उठते त्याने त्या वाटेला जावयाचे नाही. फुलावर येण्याआधीच्या रोपांचे उत्तम खत होते. बी धरल्यावर तेच खत पुढल्या वर्षी दसपट तण देते. मामाच्या ढिगाची कथा हीच असावी. आणि उपटून झालेली जमीन उघडी ठेवावयाची नाही. तेथे गवत धरले पाहिजे, झाडे धरली पाहिजेत. नाहीतर बी तेथेच वाट पाहत असते. ते मातीत काही वर्षे सहज जिवंत राहते.

म्हणून तर ते आमच्या राजगडावर आले. प्लॉटातल्या त्या मातीत ते निजलेले होते. मुलांनी अळिवासाठी पाणी घातले, आणि ते जागे झाले.

नातवाला मी हे सारे त्याच्या वयाला झेपेल असे सांगितले. मेक्सिको, गहू, केरीसाहेब, मामाआजोबा, सर्व काही. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "म्हणजे नक्की कोणी पेरलं ते सांगता येत नाही?"

"नाही. पण पाणी कोणी घातलं ते सांगता येतं."

तो थोडा ओशाळला. मग आम्ही दोघांनी जुने हातमोजे शोधून काढले, आणि राजगडावरील रोपे एकेक करून मुळासकट काढली. मोजली तेव्हा त्रेचाळीस भरली. फूल एकालाही नव्हते.

यंदा श्रावणात सोसायटीच्या सूचनाफलकावर मी एक कागद लावला. पुढल्या रविवारी सकाळी सातजण आले, दोन कुटुंबे मुलांसह आली. प्लॉटाच्या मालकाचा पत्ता अजून लागलेला नाही. तो लागेपर्यंत थांबावयाचे नाही असे ठरले. कुंपणालगतची निम्मी पट्टी साफ झाली, तेथे मारवेलाची ठोंबे लावली. उरलेल्या निम्म्या पट्टीवर, हे लिहीत असताना, खिडकीतून पांढरी फुले दिसत आहेत. ती आता पुढल्या वर्षीची. नातवाने मात्र किल्ल्यासाठी यंदा माती चाळून घ्यावयाची असे ठरविले आहे. त्यासाठी आजीची गव्हाची चाळणी मागावी की नाही, याचा विचार तो दोन दिवस करीत आहे.